टूल तपासते तो प्रोग्राम नेमका कोणता?

स्टॅटिक ॲनालिसिस म्हणजे प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून त्यातले दोष हुडकणे. असे काम करणाऱ्या टूलने ‘इशारे: शून्य’ असा अहवाल दिला की बहुधा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर कोड खरोखर स्वच्छ आहे, नाही तर टूलने तो वाचलेलाच नाही. अहवालात दोन्ही अगदी सारख्याच दिसतात. एका माणसाने लिहिलेल्या एका प्रोजेक्टमध्ये दुसरी शक्यता लगेच उघडी पडते, कारण सगळ्या फायली नजरेच्या टप्प्यात असतात. एडा भाषेत लिहिलेला, वीस-पंचवीस वर्षे चाललेला आणि दहा-पंधरा प्रोजेक्टमध्ये वाटला गेलेला कोड असेल तर ती महिनोन्‌महिने लपून राहते. दुसऱ्या टोकाला हजारो इशाऱ्यांचा ढीग असतो, आणि त्यातले बहुतेक वाचणाऱ्याला खोटे वाटतात. दोन्ही वेळी हात आधी टूलच्या सेटिंग्जकडे जातो. कुणी नियम बंद करतो, कुणी तपासणीची पातळी उतरवतो, कुणी नवी आवृत्ती टाकून पाहतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार आहे. अनेक प्रोजेक्टच्या एडा कोडवर टूल बिनसते तेव्हा बिघाड बहुधा ‘हा कोणता प्रोग्राम?’ या प्रश्नाच्या उत्तरात असतो. कंपायलर एक प्रोग्राम बांधत असतो आणि टूल दुसराच तपासत असते. दुरुस्ती तिथून सुरू केली नाही, तर पुढची मेहनत वाया जाते.

हा प्रश्न एडात इतका अवघड का झाला, याला थोडा इतिहास आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कामांत साडेचारशेच्या वर भाषा आणि बोली वापरात होत्या. तो पसारा आवरायला एकच भाषा हवी म्हणून स्पर्धा झाली, झां इश्बिया यांच्या गटाचा आराखडा निवडला गेला आणि १९८३ साली भाषेचे प्रमाण पक्के झाले. (त्या लष्करी प्रमाणाचा क्रमांक १८१५ आहे, कारण ज्यांच्यावरून भाषेला नाव मिळाले त्या एडा लव्हलेस यांचा जन्म त्या साली झाला.) या भाषेत पॅकेजचे दोन भाग असतात: बाहेरच्यांना काय मिळणार ते सांगणारा स्पेक आणि ते प्रत्यक्ष करणारी बॉडी. वेगवेगळ्या वेळी कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी जुळतात की नाही, हे तपासण्याची सक्ती भाषाच करते. त्यासाठी १९८३च्या प्रमाणाने ‘प्रोग्राम लायब्ररी’ ही कल्पना मांडली. कंपाइल झालेले प्रत्येक युनिट या नोंदवहीत चढायचे, आणि प्रोग्राममध्ये काय काय आहे याचे उत्तर त्या वहीत मिळायचे. वही कशी ठेवायची, हे मात्र प्रत्येक कंपायलरवाल्याने आपापल्या परीने ठरवले. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात तयार झालेल्या जीनॅट या कंपायलरने ही मध्यवर्ती वही मोडीतच काढली. सोर्स फाइल हाच मूळ दस्तऐवज, प्रत्येक कंपाइलसोबत अवलंबित्वाची नोंद ठेवणारी एक छोटी एएलआय फाइल, आणि कोणत्या फोल्डरमधल्या फायली घ्यायच्या ते सांगायला जीपीआर नावाची प्रोजेक्ट-फाइल, अशी नवी व्यवस्था आली. सोय मोठी झाली. पण जीपीआरचे व्याकरण एडाच्या आयएसओ प्रमाणात नाही, आणि फाइलला नाव काय द्यावे याविषयीही प्रमाण गप्प आहे. टाइपच्या बाबतीत इतकी कडक असलेली ही भाषा, प्रोग्रामची हद्द कुठवर हा मुद्दा मात्र स्वतःच्या बाहेर ठेवते.

विश्लेषणाच्या टूल्सना ही हद्द कुठून तरी शिकावी लागते, आणि शिकण्याच्या दोन रीती आजवर झाल्या. पहिली एसिस या इंटरफेसची. त्याचे आयएसओ प्रमाण १९९९ साली निघाले. यात टूल स्वतः सोर्स वाचत नसे. कंपायलरने काढून ठेवलेली रचना वाचत असे. जीनॅटच्या बाबतीत त्यासाठी वेगळ्या ट्री फायली काढाव्या लागत, आणि त्या काढणारा कंपायलर व वाचणारे टूल एकाच आवृत्तीचे असावे लागत. दोन प्रोजेक्ट दोन आवृत्त्यांवर अडकलेले असले की तिथेच गाडी थांबे. पण थांबे ती मोठा आवाज करून. दुसरी रीत लिबएडालँगसारख्या लायब्ररीची. ही सोर्स स्वतः वाचते आणि अर्धवट, तुटका कोडही पचवते. नियम तपासणारे जीनॅटचेक पूर्वी एसिसवर उभे होते, ते आता हिच्यावर चालते. संपादकात टाइप होत असलेला कोड समजून घ्यायला हा सोशिकपणा लाखमोलाचा आहे. तपासणीत तोच सोशिकपणा अंगाशी येऊ शकतो, कारण एखादे नाव कुठे जाहीर झाले ते सापडले नाही तर त्या नावावर बेतलेला नियम तेवढ्या ओळीपुरता मुका होतो आणि बाकी अहवाल नेहमीसारखा छापून येतो. जुन्या रीतीचे अडून बसणे त्रासदायक होते, तरी प्रामाणिक होते असे माझे मत आहे.

बिघाड जवळून कसा दिसतो ते एका नमुन्यावर पाहू. ‘दाबमापक’ नावाचे एक पॅकेज आहे. त्याचा स्पेक एक, पण बॉडी दोन. एक ‘सिम’ फोल्डरमध्ये आहे, टेबलावर चाचणी घ्यायला. दुसरी ‘हार्डवेअर’ फोल्डरमध्ये, खऱ्या यंत्रासाठी. दोन्ही फायलींचे नाव तेच. कोणती घ्यायची ते जीपीआर फाइलमधला ‘मोड’ नावाचा सिनॅरिओ व्हेरिएबल ठरवतो, आणि बाहेरून काहीच सांगितले नाही तर त्याचे मूल्य ‘सिम’ धरले जाते. बिल्डची स्क्रिप्ट ‘मोड’ला ‘हार्डवेअर’ हे मूल्य न चुकता देते. ॲनालिसिसची स्क्रिप्ट नंतर वेगळ्या हाताने लिहिली गेली. तिच्यात हा उल्लेख राहून गेला. टूलने तक्रार केली नाही, कारण तक्रार करण्यासारखे काहीच नव्हते: ‘सिम’ची बॉडी भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे. ती दर वेळी १०१ हा एकच आकडा परत करते. मग टूल नीट विचार करून सांगते की दाब शून्याच्या खाली गेल्यास वॉल्व्ह बंद करणारी शाखा कधीच चालणार नाही. वाचणारा म्हणतो, टूल खुळे आहे. टूल मुळीच खुळे नाही. त्याच्यापुढे ठेवलेल्या प्रोग्रामविषयी ते अक्षरशः खरे बोलते आहे. इकडे ‘हार्डवेअर’च्या बॉडीत रजिस्टरमधला कच्चा आकडा गुणून छोट्या टाइपमध्ये कोंबला जातो. ओव्हरफ्लोचा धोका तिथे आहे, आणि त्या फाइलवर टूलची नजर पडलेलीच नाही. त्यात आणखी एक खोच. असा बाहेरून दिलेला व्हेरिएबल एका प्रोजेक्टपुरता नसतो, सगळ्या झाडाला लागू होतो. दोन गटांनी ‘मोड’ हेच नाव वेगळ्या कामांसाठी वापरले, एकाने ‘सिम’ व ‘हार्डवेअर’साठी आणि दुसऱ्याने ‘डीबग’ व ‘रिलीज’साठी, तर एकाचे मूल्य दुसऱ्याच्या दारात जाते. दुसऱ्याने व्हेरिएबलला मूल्यांची ठरलेली यादी दिली असेल तर एरर येऊन सुटका होते. ती नसेल तर गोष्ट ‘बाकी सगळे’ या शाखेत गुपचूप शिरते.

लक्ष्य-यंत्राचा फरकही याच जातीचा आहे. एडाच्या प्रमाणानुसार इंटिजर या टाइपला किमान १६ बिटांचा आवाका असला की पुरते. त्यापुढचा प्रत्येक कंपायलरचा मामला. जीनॅटमध्ये लाँग-इंटिजर ६४ बिटी लिनक्सवर ६४ बिटांचा असतो, तर अनेक ३२ बिटी यंत्रांवर ३२ बिटांचा. बोर्ड ३२ बिटी आणि ॲनालिसिस मात्र ऑफिसातल्या सर्व्हरसाठीच्या सेटिंग्जवर चालले, तर ज्या गुणाकारात बोर्डावर ओव्हरफ्लो होणार तोच गुणाकार टूलला बिनधोक दिसतो. प्रोजेक्ट-फाइलमध्ये टार्गेट आणि रनटाइम यांची नोंद करायची सोय आहे, पण मुख्य प्रोजेक्टमधली नोंद खरी धरली जाते. ॲनालिसिससाठी वेगळी मुख्य फाइल करून त्या ओळी तिच्यात घालायला विसरले, की फसगत ठरलेली. कॉन्फिगरेशन प्रॅग्मांचे, म्हणजे कंपायलरला दिलेल्या सूचनांचेही तसेच. जीनॅट चालू फोल्डरमध्ये जीनॅट डॉट एडीसी ही फाइल आपणहून शोधतो, तेव्हा कमांड कुठे उभे राहून दिली यावरही निकाल बदलू शकतो.

सर्वांत फसवी शांतता जेनेरिक पॅकेजेसमध्ये असते. एडात जेनेरिक म्हणजे साचा. प्रत्यक्ष टाइप देऊन त्याची प्रत काढली की ती चालते. स्पार्क या एडाच्या उपभाषेतल्या कोडची सिद्धता करणारे जीनॅटप्रूव्ह साचा तपासत नाही, त्याच्या प्रती तपासते, आणि हे योग्यच आहे, कारण साच्यातली बेरीज ओव्हरफ्लो होईल की नाही हे टाइप कळल्याशिवाय सांगता येत नाही. आता शेअर्ड लायब्ररीचा प्रोजेक्ट पाहा. त्यात रांगा, बफर, फिल्टर असे साचे भरपूर असतात. प्रती मात्र वापरणाऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये निघतात. लायब्ररी एकटी तपासली की साच्यांविषयी अहवाल अगदी कोरा. वापरणारे प्रोजेक्ट तपासताना वेळ वाचावा म्हणून हीच लायब्ररी ‘एक्स्टर्नली बिल्ट’ (बाहेर आधीच बांधलेली) म्हणून जाहीर केली, तर तिचे सोर्स तपासणीतून गळतात. दोन्हीकडच्या मंडळींना वाटते की दुसरीकडे बघितले जात असेल. ॲग्रिगेट प्रोजेक्टची अडचण याहून मूलभूत आहे. साध्या झाडात एकच युनिट दोन प्रोजेक्टमध्ये आढळले तर जीपीआर फायली वाचून बिल्ड करणारा जीपीआरबिल्ड चक्क नकार देतो. ॲग्रिगेटमध्ये हे चालते, कारण ॲग्रिगेट म्हणजे एकत्र बांधायच्या अनेक प्रोग्रामांची मोळी. पण मग ‘दाबमापकाची बॉडी कोणती?’ याला एक उत्तर उरत नाही. लिबएडालँगला अशा मोळीचे आधी सुसंगत गट पाडावे लागतात आणि प्रत्येक गट स्वतंत्र जग म्हणून पाहावा लागतो, ते याचमुळे. ॲग्रिगेट दिल्यावर टूल अडते याला टूलची उणीव म्हणणे अर्धेच खरे आहे. प्रश्नच अनेकवचनी होता.

म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी कंटाळवाणी आहे. जमिनीचा दावा लढण्याआधी मोजणी करून हद्दीच्या खुणा पाहतात, तसे आधी दोन याद्या काढायच्या. पहिली, बिल्डने प्रत्यक्षात घेतलेल्या सोर्स फायलींची; ती एएलआय फायलींतून किंवा जीपीआरएलएस या टूलच्या क्लोजरमधून (सर्व अवलंबित्वांसकटच्या यादीतून) मिळते. दुसरी, टूलने प्रत्यक्षात वाचलेल्या फायलींची. याद्यांत नुसते नाव नको, पूर्ण पाथ हवा. वरच्या नमुन्यात दोन्ही फायलींचे नाव एकच होते हे आठवावे. त्या वर्णानुक्रमे लावून शेजारी ठेवल्या की पहिलीतच असलेल्या ओळी म्हणजे न तपासलेला कोड, आणि दुसरीतच असलेल्या ओळी म्हणजे उत्पादनात नसलेल्या कोडवरचा गोंगाट. दुसरी पायरी पेरणीची. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये, आणि जेनेरिकच्या निदान एका प्रतीत, हमखास पकडली जावी अशी चूक मुद्दाम टाकायची: शून्याने भागाकार किंवा मर्यादेबाहेरचा इंडेक्स. ही चूक अहवालात उमटली नाही तर बाकीच्या अहवालाची किंमत किती, हे वेगळे सांगायला नको. नियम आणि पातळ्या यांची चर्चा या दोन पायऱ्यांनंतरची.

गोंगाटाबद्दल थोडक्यात. दहा प्रोजेक्ट एकच लायब्ररी वापरतात आणि दहाही वेळा ती तपासली जाते, तेव्हा एक दोष दहा इशारे होऊन येतो. इशाऱ्यांची ओळख ओळीच्या क्रमांकावर ठेवली असेल तर वर एक कॉमेंट वाढताच जुने निकाल निसटतात आणि सगळे पुन्हा नवे दिसते. लायब्ररीचा मालक एक ठरवून तिचे इशारे त्याच्याच अहवालात मोजावेत, हा तोडगा बरा. मात्र मोजणे आणि वाचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वापरणाऱ्यांच्या तपासणीत लायब्ररीची बॉडी टूलला वाचू द्यावी, इशारे तेवढे गाळावेत. नाही तर कॉलच्या पलीकडे काय होते ते टूलला अंदाजाने धरावे लागते.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे: टूल्समध्येही बग असतात. असतात, आणि प्रोजेक्टच्या नावाने खापर फोडून ते झाकू नयेत. एडाची प्रमाणे १९८३, १९९५, २००५, २०१२ आणि २०२२ अशी पुढे सरकली. जुने टूल नवे व्याकरण वाचताना अडखळते. शिवाय राइस यांच्या १९५३च्या प्रमेयाने दाखवून दिले आहे की प्रोग्रामच्या वर्तनाविषयीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाला सर्व प्रोग्रामांसाठी अचूक उत्तर देणारी यांत्रिक पद्धत असूच शकत नाही. खोटे इशारे किंवा सुटलेले दोष, काहीतरी पदरी येणारच. पण टूलचा बग सिद्ध करायचा तर एक छोटा, स्वयंपूर्ण नमुना लागतो, आणि तो काढताना प्रोग्रामची हद्द आखावीच लागते. म्हणजे टूलला दोषी ठरवायलाही वाट त्याच मोजणीतून जाते.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: सगळे प्रोजेक्ट मिळून एकच करून टाका, प्रश्न मिटला. छोट्या कोडला हे लागू पडेलही. मोठ्या कोडमध्ये ‘सिम’ आणि ‘हार्डवेअर’ एकत्र नांदू शकत नाहीत म्हणूनच ते वेगळे झालेले असतात. एकत्र केलेला प्रोग्राम कुठल्याच यंत्रावर कधी चालत नाही, आणि जो चालत नाही त्याविषयीचे निष्कर्ष कुणाला हवेत? तिसरा आक्षेप याच्या उलट: प्रत्येक प्रोजेक्ट वेगळा तपासा आणि अहवाल जोडा. नाव, मांडणी, निषिद्ध रचना अशा जीनॅटचेकच्या बहुतेक नियमांना हे पुरते. मूल्यांचा माग काढणाऱ्या टूल्सना पुरत नाही, कारण कॉल एका प्रोजेक्टमध्ये आणि त्याने मोडलेली अट दुसऱ्यात असते. चौथा आक्षेप एडावाल्यांचा लाडका: आमची भाषाच इतकी कडक, कंपायलर बरेचसे पकडतो, राहिलेले रनटाइम चेक पकडतो. पॅरिस मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या विनाचालक मार्गावर किंवा आपल्या तेजस विमानाच्या उड्डाण-नियंत्रणात एडा निवडली गेली, त्यामागे हा कडकपणा आहेच. पण रनटाइम चेक चूक पकडतो म्हणजे एक्सेप्शन उभे करतो, आणि ते झेलायला कुणी नसेल तर पकडणे हाच अपघात होतो.

४ जून १९९६ रोजी एरियान-५ या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात नेमके हे घडले. मुख्य इंजिन पेटवण्याचा क्रम सुरू झाल्यावर सुमारे ३७ सेकंदांनी दिशा-मापन यंत्रणेत ६४ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट आकड्याचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर होताना तो मावला नाही, एक्सेप्शन आले, संगणक बंद पडला. राखीव संगणकही त्याच कारणाने आधीच बंद पडला होता. कोड एडातला होता आणि एरियान-४ मधून जसाच्या तसा आणलेला होता. ही गोष्ट ओव्हरफ्लोची म्हणून नेहमी सांगतात, पण झाक-लुई लियॉन्स यांच्या चौकशी समितीचा अहवाल वाचला तर ती मला दोन प्रोजेक्टमधल्या कोडची गोष्ट वाटते. त्या कोडचे विश्लेषण झालेले होते. धोक्याची सात रूपांतरे हेरली होती. चारांना संरक्षण दिले, तिघांना दिले नाही, कारण संगणकाचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि उरलेले तिन्ही आकडे एक तर भौतिक कारणाने मर्यादित आहेत किंवा पुरेसा वाव आहे, असा युक्तिवाद झाला होता. एरियान-४च्या मार्गावर तो टिकला. एरियान-५ मध्ये आडवा वेग पाचपट झपाट्याने वाढत होता. सोर्स तेच, प्रोग्राम वेगळा. आणि समितीने नोंदवले आहे की त्या निर्णयाचे समर्थन थेट सोर्स कोडमध्ये कुठेही लिहिलेले नव्हते.

अपघातानंतर पुढच्या उड्डाणाचा कोड तपासायला ॲबस्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनवर आधारलेले विश्लेषण वापरले गेले. पात्रिक आणि राधिया कुझो यांनी १९७७ साली मांडलेली ही पद्धत. तिच्यातूनच पुढे पॉलिस्पेस हे टूल बाजारात आले. आज इशारा खोटा ठरवायचा तर एडात प्रॅग्मा ॲनोटेट लिहून कारण कोडशेजारीच ठेवता येते. लियॉन्स समितीची तक्रार तेवढ्यापुरती मिटली. पण ते कारण म्हणजे नुसती स्ट्रिंग असते, आणि तिच्यातला मजकूर अजून खरा आहे की नाही हे कोणतेही टूल पडताळत नाही. शेअर्ड लायब्ररीत ‘हा आकडा कधीच एवढा मोठा होत नाही’ असे लिहिले, की ते अकराव्या प्रोजेक्टमध्येही तसेच छापले जाते. त्यापेक्षा तेच गृहीतक एडा २०१२च्या प्रीकंडिशनमध्ये किंवा सबटाइपच्या मर्यादेत लिहावे. मग प्रत्येक प्रोजेक्टची तपासणी तोच प्रश्न नव्याने विचारते. झां-मार्क जेझेकेल आणि बर्ट्रांड मेयर यांनी १९९७ साली एरियानच्याच संदर्भात असा आग्रह धरला होता. त्यावर घेतलेला आक्षेपही वजनदार आहे: अट लिहिली असती तरी ती कोणत्या आकड्यांवर पडताळली असती? एरियान-५च्या उड्डाण-मार्गाची माहिती त्या दिशा-मापन यंत्रणेच्या आवश्यकतांच्या कागदपत्रांत घातलेलीच नव्हती.